दोन चुली

गाव सोडलं त्या पहाटे माय एसटीपर्यंत आलीच नाही. उंबऱ्यातच हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "जाय वं बाई. इस्तव राखून ठेवीन मी." रोज जेवणं झाली की चुलीतला निखारा राखेत झाकायचा आणि सकाळी फुंकर घालून पुन्हा फुलवायचा, ही तिची रीत. लेक अवेळी आली तर चहाला खोळंबू नये.

वाशीमची मी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले, तिथल्याच क्लासमध्ये गणित शिकवू लागले, पुढे हडपसरला फ्लॅट घेतला. बाबा गेल्यावर मायला इकडे आणलं. हट्ट माझाच. तिचे गुडघे गेलेले, गावात एकटी, माझ्या जिवाला घोर. पण इंडक्शनसमोर ती पाहुणीसारखी उभी राहायची. "जाळ दिसत नाही वं यात. शिजते कसं?" जेवणच तुटलं तिचं. मला राग यायचा. एवढं सगळं करतेय, आणि हिचा जीव तिकडेच!

त्याच सुमारास क्लासमध्ये इलिप्स, म्हणजे लंबवर्तुळ, चालू होता. त्याच्या आतल्या दोन ठरावीक बिंदूंना फोकस म्हणतात. एका मुलीनं विचारलं, "मॅम, फोकस हेच नाव का?" मराठीत आपण नाभी म्हणून मोकळे होतो, फोकसचं मूळ मलाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन शोधलं. लॅटिन शब्द, अर्थ चूल. वाचलं आणि चक्क रडले.

मग मायसमोर पुठ्ठ्यावर दोन टाचण्या खोचल्या, त्यांच्याभोवती दोऱ्याचा सैल फास टाकला आणि पेन्सिल ताणून इलिप्स काढला. म्हटलं, "या टाचण्या म्हणजे चुली."

"दोन कायले? वाटणी झाली का घराची?"

"नाही गं. दोरा एकच आहे. एकीजवळ गेलं की दुसरी लांब पडते, एवढंच."

तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग एक चूल थंडी काऊन ठेवली वं?"

पुढच्या रविवारी मीच तिला गावी सोडून आले. शेजारची काकू तिच्याकडे बघते. घोर आहेच.

तुम्हीही माझ्यासारखीच कुठून कुठून येऊन इथे चूल मांडली असेल, म्हणून सांगते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "इस्तव झाकला. येजो." तेवढ्यावर माझं घर उभं आहे.

पुठ्ठा अजून कपाटात आहे. एक टाचणी काढली तर त्याच दोऱ्यानं वर्तुळ निघतं. क्लासमधल्या पोरांना ते फार सोपं वाटतं. मला त्या एकाच चुलीच्या वर्तुळाची भीती वाटते.