खांदा, गोळा आणि मी

खांदा दुखायला लागला की माणसाजवळ किस्से जमायला लागतात. कुणी नुसतं "काय झालं?" विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच्या खांद्याचं सांगायला लागतं. माझेही आता बरेच साठलेत.

मी जेऊरची. पोलीस भरतीसाठी सोलापुरात खोली घेऊन राहत होते. धावण्यात मी पुढे असायचे, पण गोळाफेकीत गोळा काही लांब जायचा नाही. म्हणून जिम लावली. एका सकाळी डंबेल डोक्यावर नेताना उजव्या खांद्यात 'कट्' झालं. शेजारच्या मुलीलाही आवाज ऐकू गेला.

"तुझा मोबाईल पडला का गं?"

"हो," म्हणाले आणि खाली वाकून मोबाईल शोधायला लागले.

*

घरमालकीणबाईंनी गरम मिठाचा शेक सांगितला, जिममधल्या एकाने बर्फ. मी घाबरून दोन्ही सुरू केलं. खोलीवरची मैत्रीण शिल्पा बघत होती. म्हणाली, "त्या खांद्याला एकदा कळू दे तरी, उन्हाळा हाय का हिवाळा."

*

शेवटी शिल्पाच दवाखान्यात घेऊन गेली. दुखतं म्हटलं तर डॉक्टर भरतीला जाऊ नको म्हणतील, ही माझी धास्ती. ते हात वर नेत 'दुखतं का?' विचारत होते आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होते. त्यांनी हात अलगद खाली सोडला.

"दुखत नाही, मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

तपासणीत निघालं, की स्नायू सुजलाय, फाटलेला नाही. पण वजन उचलणं बंद.

*

आमचे ट्रेनर इम्रानसर. त्यांनी डंबेल काढून घेतले आणि हातात रबरी पट्टा दिला. शिवाय भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम. बाकीच्या मुली वजनं वाढवत होत्या आणि मी भिंतीशी. ग्राउंडपर्यंत, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीपर्यंत बरं होईल ना, असं मी सरांना रोज विचारायचे. एक दिवस ते थांबले.

"खांदा ठीक हो रा मॅडम. तुमारा सवालच ठीक नै हो रा."

*

ग्राउंडच्या दिवशी गोळा हातात घेतला तेव्हा तळवा घामाने ओला होता. फेकला. डोळे मिटून खांद्यात कळ यायची वाट बघत उभी राहिले. कळ येईना. मी हलेना.

"ताई, गोळा कधीचा पडलाय," मापं घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "आता बाहेर या."

*

दुसऱ्या दिवशी गावी गेले. आई चहा टाकत होती. मी तिला भिंतीवरचा व्यायाम करून दाखवला, बोटं पार वरच्या फळीपर्यंत नेली.

"तू कर की," म्हणाले.

तिने हात पुसून भिंतीला लावला. बोटं खांद्यापर्यंत गेली आणि थांबली. मी हसले, म्हणाले, अजून वर. तिने ओठ आवळले. 

मी वर बघितलं. फळी मोकळी होती. पिठाचा, साखरेचा, डाळीचा, सगळे डबे खाली जमिनीवर भिंतीला लावून ठेवलेले.

"आई, कधीपासनं?"

तिने हात खाली घेतला, चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

"त्ये जाऊदे. तुझा गोळा कुटंवर गेला, त्ये सांग आदी."