वाढ्यांचा सरवा

त्या दुष्काळात मला प्रार्थना जमेनाशी झाली होती. गुडघे टेकून डोळे मिटले की समोर उभी राहायची ती गोठ्यातली चांदी. चांदी म्हणजे आमची गाभण म्हैस. पेरलेलं सगळं करपून गेलेलं, त्यामुळे ती व्याली की तिचं दूध पुन्हा सोसायटीत घालायचं, एवढ्या एका आशेवर घर तग धरून होतं. त्यात पाण्याच्या टँकरवर पाइप सोडायला चढलेले आमचे हे घसरून पडले, पाय मोडला आणि खाटेला खिळले. चारा छावणी होती, पण लांब, आणि तिथे जनावराजवळ घरातलं कुणीतरी मुक्कामाला लागतं. ह्यांना टाकून मी कशी जाणार? कडबा संपत आला तसे शेजारी सांगू लागले, हाडं वर यायच्या आत म्हशीला बाजार दाखवा. देवा, तू न्यायी आहेस म्हणतात, मग तुझा न्याय नेमका आमचंच दार कसा चुकवतो, असं मी चक्क भांडून विचारलं.

आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारचं शास्त्रवाचन माझ्याकडे असायचं. त्या रविवारी वाचायला आली ती शास्त्रातल्या परदेशी विधवा सुनेची गोष्ट, सासूचं पोट भरावं म्हणून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी ती आणि तिला वेचू देणारा दयाळू शेतमालक. कापणीत जे मागे पडेल ते मालकाने उचलू नये, ते गरिबाचं, परक्याचं, असा देवाचा नियमच होता. आमच्याकडेही ज्वारी काढून झाली की पडलेली कणसं बायाबापड्या वेचतात. वाचता वाचता मला आठवला कालव्याकाठचा बापूंचा ऊस. सगळ्या शिवारात तेवढाच तुकडा हिरवा होता आणि त्याची तोडणी सुरू झाली होती. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढं, म्हैस आवडीने खाते. देवाने मला शेतच दाखवलं, असं वाटलं.

बापू म्हणजे सहकारी साखर कारखान्याचे संचालक, गावात त्यांच्या शब्दाला वजन. ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. मागायचं तरी आब राखून मागायचं, हा माझा स्वभाव. बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ऊस माझा हाय, पण वाढं तोडणाऱ्याचं. त्यात मी हात घालत न्हाई. तुमी त्यायलाच इचारा."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असं नाही. गरजेपोटी डोक्यातून निसटला होता. शास्त्रातला दयाळू माणूस शेतमालक होता, म्हणून माझाही दयाळू माणूस बंगल्यातच असणार, असं मी धरून चालले होते. आता जायचं होतं उसाच्या वाळक्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या ऊसतोड्या नवरा-बायकोकडे. डोंगरपट्ट्यातून बैलगाडी घेऊन आलेली ती माणसं. वाढं हा त्यांचा हक्क, त्यावर त्यांचे बैल जगायचे आणि उरलेलं घ्यायला त्या वर्षी गिऱ्हाईक बांधावर उभंच असायचं. बापूंपुढे पदर पसरताना मला लाज वाटली नव्हती. इथे मात्र पाय उचलेना. माझ्याहून गरीब बाईकडे मी काय तोंडाने मागू?

बांधावर नुसतीच उभी राहिले. कोयता थांबवून तिनेच विचारलं, "काय पायजे, मावशी?" तिचं नाव गयाबाई. मनात जुळवलेली सगळी वाक्यं पळाली आणि मला रडू फुटलं. तुटक तुटक सांगितलं. ती म्हणाली, "गाभण म्हशीला कावून बाजार दाखवता? उद्या दिस कलल्यावर या." धड हो नाही, धड नाही नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाकी सगळ्या वाढ्यांचे भारे बांधून झालेले आणि कडेची एक ओळ मोकळीच पसरलेली. तिचा नवरा ओरडला, "अगं, ही वळ बांधायची ऱ्हायली की!" माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ऱ्हायलं ते ऱ्हायलं." मी खाली बसून वेचू लागले आणि कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून प्रार्थना निघाली, तीही नुसती "बापा, बापा" एवढीच.

तोडणी संपून रान उलगेपर्यंत रोज कडेची ओळ राहत गेली. तिने भारा माझ्या हातात दिला असता तर ते दान झालं असतं, मी मान खाली घालून घेतलं असतं. तिने ते जमिनीवर राहू दिलं. देवाने नियम असा का घातला, हे इतकी वर्षं खणखणीत आवाजात वाचूनही मला कळलं नव्हतं. शेवटच्या दिवशी गेले तेव्हा त्यांची गाडी पुढच्या गावाला निघून गेली होती. रानाच्या कोपऱ्यात तेवढा एक भारा बांधून ठेवलेला होता. मी त्याच्याजवळ बसून पोटभर रडले. तिचे आभार मानायचेही राहून गेले.

चांदी सुखरूप व्याली, हेही काठी टेकत चालू लागले. ह्याला चमत्कार म्हणा की नका म्हणू, मी वाद घालत नाही. मागायला कुठे जायचं हेसुद्धा देवावर सोपवावं, एवढं मात्र शिकले. आता आमच्या ज्वारीची कडेची ओळ मी काढत नाही. परवा एक अनोळखी बाई बांधावर घुटमळत होती. "घिऊ का, अक्का?" तिने चाचरत विचारलं. मी खुरपं चालवत राहिले आणि वर न बघता म्हणाले, "राहिलं ते राहिलं."