तिच्या वाफ्यातला वाटाणा

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला सगळे दादा म्हणत. त्यांची बायकोही तिथेच कामाला होती. वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींतून तिनं एक जिवाणू वेगळा काढला होता. तो हवेतला नत्र झाडाला असा भरभरून द्यायचा, की ती त्याला कौतुकानं 'माझा कमावता लेक' म्हणायची. ती गेली, तरी तिच्या हातची त्याची नळी फ्रीझरमध्ये होती. दादांना तेवढाच आधार.

मग एका लांबलचक सुट्टीत फ्रीझर बंद पडला. दादांनी दार उघडून तिची नळी शोधली; आतलं सगळं वितळून खराब झालेलं. बाकी जिवाणूंच्या जादा नळ्या दुसरीकडे होत्या. हा जुना, याची कुणी ठेवलीच नव्हती.

"प्रयोगशाळेमागच्या वाफ्यात तिनं तो सोडला होता," दादा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना म्हणाले. "मातीत असेलच की!"

"इतक्या वर्षांनी? बरं, बघू या."

दादांनी त्या वाफ्यात वाटाणा लावला. मूळ मातीत खुणेचा रस सोडतं. ज्या जिवाणूला ती खूण कळते, तो उलट खूण करतो, तेव्हा कुठे मुळावरचा केस वळून त्याला आत घेतो. आत येऊन नुसतं आयतं खाणाऱ्याची रसद झाड तोडतं. हे तिनंच शिकवलेलं, काचेची भांडी विसळता विसळता.

रोपं तरारली. मुळं धुतली तर गाठीच गाठी, आतून गुलाबी, म्हणजे नत्र देणाऱ्या. दादांना आभाळ ठेंगणं झालं. "आहे हो, आहे!"

"दादा, या गाठी कुणाच्याही असतील," मॅडम हळूच म्हणाल्या.

तिचा जिवाणू जिवाणू मारणाऱ्या एका औषधाला दाद देत नसे. ते घातलेल्या प्लेटवर गाठींचा रस पसरला, तर तोच तेवढा वाढला असता. साध्या प्लेटवर जिवाणूंची दाटी झाली, औषधाची कोरी. मॅडमनी स्वतः पुन्हा करून पाहिलं. कोरीच.

"इतरांनी त्याला केव्हाच मागे टाकलं असणार. झाडाला जे भेटले, पटले, ते त्यानं घेतले."

"तिचाच वाफा होता हो," दादा म्हणाले. "तिथंही तिचं काहीच उरू नये?"

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, सापडला का आईचा?"

"शेंगा छान धरल्यात," दादा म्हणाले. "येऊन घेऊन जा."

फोन ठेवून ते वाफ्याच्या कडेला बसले. ती गेली तेव्हा चारचौघांत गिळलेला हुंदका आता काही केल्या आवरेना.