हंड्याच्या बुडाखालची खूण

बसा. चहा सांगितलाय, येईलच. तोवर माझ्या शहाणपणाची एक गोष्ट ऐकून घ्या. भांडी विकतो, पण ही फुकट आहे. चूक सगळेच करतात हो, पण निदान दाराआड करतात. मी ती कॅमेऱ्यासमोर उभं राहून केली आणि वर आमच्या अख्ख्या वाशीमकडच्या मालेगावाला पाठवली!

वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे. शाळा माझी सातवीपर्यंतच, पण परात नुसती बोटानं वाजवून तिचा गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, सांगतो. ठोकून पाहिल्याशिवाय मी माल घेत नाही, असं सगळा बाजार म्हणतो. दुकानाच्या पायरीवर हनीफभाई बसतात. भांड्यावर नाव टाकायचं ते घर्रर्र करणारं मशीन असतं ना, ते घेऊन वीस वर्षं तीच पायरी. तालुक्यातल्या निम्म्या हंड्यांवरचं 'मामा-मामीकडून सप्रेम भेट' त्यांच्या हातचं. अक्षर असं की लग्नपत्रिकेनं लाजावं.

तर एका सकाळी आमच्या 'जागृत नागरिक' ग्रुपवर एक व्हिडिओ आला. गाव कुठलं, परात कोणाची, काही पत्ता नाही. उलटी परात, बुडाला काहीतरी खरवडलेलं, त्याभोवती लाल गोल. मागे छाती दडपवणारं संगीत. आणि एक भरडा आवाज: 'पाहा! परक्या लिपीतली गुप्त खूण! ज्या घरात ही खूण, ते घर त्यांच्या यादीत! आजच आपली भांडी तपासा!'

'ते' म्हणजे कोण, हे सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, ग्रुपवर सगळ्यांना बरोबर समजलं. पण यादी कसली? आणि यादी करायची तर कागदावर करतील, परातीच्या बुडाला कशाला करतील?

विचारलं का मी? छे! हाच माणूस दुकानात येऊन तोंडी बोलला असता तर त्याला पाणी पाजून बसस्टँडवर सोडून आलो असतो. पण तो लाल गोल! ते संगीत! पितळ ठोकून घेणारा मी, व्हिडिओ मात्र न ठोकता घेतला.

त्यात बंटीचा मेसेज. बंटी म्हणजे ग्रुपचा कर्ताधर्ता. शर्टाला कडक इस्त्री, आणि येत्या निवडणुकीत उभं राहायचं मनात. 'भाऊ, भांड्यातले जाणकार तुमीच. तुमचा एक व्हिडिओ होऊन जाऊ द्या.'

जाणकार! एवढा एक शब्द पुरला. मी केस विंचरले, हंड्यांच्या चळतीपुढे उभा राहिलो आणि कडाडलो, 'मालेगावकरांनो, जागे व्हा! घरातली भांडी उलटी करा! खूण दिसली तर ते भांडं एक क्षण घरात ठेवू नका. माझ्याकडे आणा आणि बदलून नवं घेऊन जा!'

शेवटचं वाक्य कोणत्या समाजसेवेतून आलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

बायको आतून म्हणाली, "अहो, पायरीवर हनीफभाई बसून हायत. काय वाटत असंन त्याइले?"

"त्यांचा काय संबंध?" मी म्हटलं. देवाशपथ सांगतो, तेव्हा मला खरंच संबंध दिसला नाही.

दुपारी किन्हीराजा गावच्या शांताबाई बसमधून उतरून धावतच आल्या. डोक्यावर स्टीलचा हंडा.

"भाऊ! सापडली वं माय! आमच्याच घरात सापडली!"

हंडा काउंटरवर उलटा झाला. बुडाला एक वाकडी रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं.

मी वाकून नीट पाहिलं. ती खूण माझी होती!

आता हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे लग्नात आहेर काय येतो? हंडे. एका लग्नात अकरा अकरा हंडे. नवरा-नवरी काय पाणपोई टाकणार आहेत? महिन्याभरात नवरदेवाचा बाप पोत्यात घालून मागच्या दारानं ते माझ्याकडे आणतो. 'भाऊ, हे ठेवा अन् मिक्सर द्या.' मी ठेवतो. हनीफभाई वरचं नाव घासून काढतात, पॉलिश मारतात, हंडा पुन्हा नवरीसारखा चकचकीत! फक्त ज्याचा त्यालाच परत विकला जाऊ नये म्हणून बुडाला बारीक खूण. वळून आला म्हणून वाकडी रेघ. जितक्यांदा वळला तितकी टिंबं. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तर माझ्या दुकानातून आहेर कोण नेणार?

रोज डोळ्यासमोर असलेली स्वतःची खूण, पण लाल गोलात दुसऱ्याची परात पाहिली आणि मला खुणेत भूत दिसलं!

तासाभरात दुकानापुढे हंडे, कळश्या, डबे, सगळे पालथे. मागून बंटी आला, मोबाइल उंच धरून, चार दोस्त घेऊन.

"भाऊ, तुमच्या एका व्हिडिओनं सारं गाव जागं केलं! आता हे काम कोनाचं ते पाहू."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बूड खरवडाचं मशीन कोनापाशी हाय?"

सगळ्या माना पायरीकडे वळल्या.

"हनीफभाई, ह्या खुना तुमी केल्या?" बंटीनं विचारलं.

"हौ, मीच केल्या."

"पाहा! कबूल करून राह्यले! उर्दूत काय लिहेल हाय हे?"

"उर्दू मले कुठं येते बंटीबाबू? मी तुमच्या बाबाच्या वर्गात होतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शुद्धलेखनाच्या तासाले तुमचे बाबा माह्याच वहीत पाहून लिहेत."

दोघंचौघं खो-खो हसले. बंटीचे कान लाल झाले. "मंग अर्थ सांगा ना ह्याचा! काहून सांगत नाही?"

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं असेल? मान हलवली. बारीकशी. 'नको.' लाज वाटते सांगायला, पण हलवली.

"ते नाही सांगता येत," हनीफभाई म्हणाले. "दुसऱ्याच्या धंद्याची गोष्ट हाय."

"दुसऱ्याच्या! ऐकलं का? वरून कोनीतरी करवून राह्यलं! उचला ते मशीन. उद्यापासून ह्या बाजारात दिसाचं नाही."

हनीफभाई उठले. वायर गुंडाळायला लागले. सावकाश, एकेक वेढा. एक शब्द बोलले असते तर ते सुटले असते आणि मी अडकलो असतो. तो शब्द गिळून हा माणूस वीस वर्षांची जागा सोडत होता, आणि मी काउंटरमागे जाणकार म्हणून उभा!

"थांबा!" मी ओरडलो. "खूण माझी आहे. मीच करवून घेतो."

बंटी हळूच जवळ आला. "भाऊ, भिऊ नका. आमी हाव ना. तुमच्यावर कोनाचा दबाव हाय का?"

घ्या! खोटं बोललो तेव्हा गाव जागं झालं, खरं बोललो तर माझ्यावर दबाव!

"शांताबाई," मी म्हटलं, "हा हंडा तुम्हाला कोणी दिला?"

"माह्या भावानं. पोराच्या लग्नात."

"त्याच्या आधी तो मंगरूळपीरच्या एका गुरुजींच्या मुलीच्या लग्नात होता. त्याच्याही आधी इथल्याच एका वास्तुशांतीला. दोन फेऱ्या, दोन टिंबं." आणि पोत्यातून येणाऱ्या हंड्यांची सगळी कथा मी घडाघडा सांगून टाकली.

शांताबाईंचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. "म्हंजे दादानं मले वापरेल हंडा देल्ला?"

"वापरलेला नाही हो, फिरलेला! आणि त्यांना ते माहीत नव्हतं…"

"लावा फोन त्याले! आत्ताच्या आत्ता लावा!"

झालं! यादी गेली, गुप्त लिपी गेली. जो तो आपलं भांडं पुढे करायला लागला. "माह्या डब्याले तीन टिंबं हायत, कोन कोन होते सांगा बरं!" "तरी म्हटलं, आत्याबाई एवढा मोठा हंडा कशी देईन!" एक व्याही दुसऱ्या व्याह्याला कळशी दाखवत होता. हनीफभाई मशीनच्या पेटीवर बसून मला सांगत होते, "सेठ, हौ, हे पन सांगा. आता थांबू नका."

इतक्यात बंटीची आई गर्दीतून आली. कमरेवर हंडा. पहिल्यांदा तिनं हनीफभाईंना म्हटलं, "तुमी लावा बापा आपलं मशीन जाग्यावर. कुठीसा जाता?" मग बंटीकडे असं पाहिलं की त्याची मशीन उचलायची भाषा तिथेच संपली.

मग हंडा काउंटरवर आपटला. "हा बंटीच्या लग्नातला. पाच टिंबं हायत! साऱ्या गावात एवढे कोनाच्या हंड्याले नाही. देनाऱ्यानं नाव पन नाही टाकलं. कोनं देल्ला होता हो?"

लोक वाकून टिंबं मोजायला लागले. खरंच पाच.

मला ते लग्न आठवलं. स्टेजवर मी, शेजारी बंटी, मध्ये हा हंडा. फोटोवाल्याला मी म्हणालो होतो, 'हंडा पूर्ण येऊ द्या बरं का!'

हनीफभाईंनी खाली मान घालून रुमाल तोंडाला लावला. त्यांना तर पाचही फेऱ्या पाठ.

"मीच," मी म्हटलं.

बंटीनं मोबाइल आणखी जवळ आणला. "भाऊ, एकडाव पुन्हा म्हना. मंधात कोनी तरी बोललं, आवाज बरोबर नाही आला."

मी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं.