आई बोलेपर्यंत झोपून राहणं

स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं ही म्हणे देणगी असते. मला ती दुपारच्या झोपेत अधूनमधून मिळते आणि मिळाल्याबरोबर काढून घेतली जाते. इतका वैताग मला उभ्या आयुष्यात ट्रेलर चालवताना, बंदराबाहेरच्या रांगेत ताटकळतानाही आला नव्हता.

स्वप्न नेहमी तेच. आमच्या घराची मागची पडवी. आई पाटावर बसलेली, पुढ्यात सूप, सुपात सुका जवळा, आणि ती त्यातला कचरा निवडतेय. तिच्या मागे मिठागर, बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी. त्या राशी दिसल्या की मला कळतं. कारण ते मिठागर आता नाही. त्यावर भराव पडला, गोदामं उभी राहिली. आई जाऊनही काही वर्षं झाली. म्हणजे मी झोपलोय. म्हणजे ही खरी नाही, पण समोर तर आहे! एवढं लक्षात आलं की छातीत असं काही भरून येतं की पुढच्या क्षणी मी कॉटवर, डोळे टक्क उघडे, वर पंखा.

मला तिच्याकडून फार काही नको होतं. तिनं बोलावं, एवढंच. आईचा आवाज मला आठवेनासा झाला होता. चेहरा आठवतो, फोटोही आहेत. ती काय काय बोलायची तेही आठवतं, पण ऐकू येत नाही. कुठंतरी वाचल्यासारखं आठवतं. याचं मला फार वाईट वाटायचं. फोनमध्ये गणपतीतले व्हिडिओ आहेत, सगळ्यांत आई आहे. पण फोन समोर धरला की ही बाई तोंडाला पदर लावून गप्प. एरवी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलणारी! एका व्हिडिओत काहीतरी बोलतेय, तर नेमका बाहेर डीजे चालू.

मग मी मोबाइलवर शोधलं. स्वप्नात टिकून कसं राहावं हे शिकवणारे लोक आहेत, आणि पुष्कळ आहेत. एक सांगतो, स्वप्न आहे हे कळलं की हुरळून जाऊ नका. अरे बाबा, तुझी आई समोर बसलीय का? दुसरा सांगतो, कशाकडेही टक लावू नका, आसपासच्या वस्तू चाचपत राहा. तिसरा म्हणतो, स्वप्नातल्या स्वप्नात तळहात एकमेकांवर चोळा, म्हणजे झोप मोडत नाही. हे त्यातल्या त्यात जमेल असं वाटलं.

पुढच्या वेळी स्वप्न पडलं, पडवी आली, राशी दिसल्या. मी आईकडे बघितलंच नाही. खाली मान घालून हात चोळायला लागलो. आणि चक्क टिकलो! सारवलेली जमीन पायाला गार लागत होती. आई मान वर करणार, एवढ्यात कोणीतरी माझ्या अंगावर गोधडी टाकली.

“अवो, थंडी वाजते का? झोपेत हात चोळत व्हता.”

बायको. भर एप्रिलात, उशी घामानं भिजलेली, आणि मला थंडी!

मग तिला सगळं सांगावं लागलं. त्यातलं तिनं एकच धरलं: सासू स्वप्नात येते आणि बोलत नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे. गेलेलं माणूस येऊन गप्प बसलं, म्हणजे त्याची काहीतरी इच्छा राहिलीय. अमावस्येला तिनं पान वाढलं. भात, तांदळाची भाकरी, वांगं घालून जवळा. मागच्या भिंतीवर ठेवलं. आमच्याकडचे कावळे एरवी तास तास भाव खातात. त्या दिवशी एक मेला लगेच आला आणि जवळाच उचलून घेऊन गेला.

बायकोनं हात जोडले. “झालं. तृप्त झाल्या आई. आता न्हाय यायच्या.”

“अगं, मी तिला थांबवायला बघतोय, आणि तू तिला वाटेला लावतेस?”

“गेलेल्या माणसाला अडकवून ठेवू नये.”

“एकदा बोलू दे, मग जाऊ दे की!”

तिच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. आणि खरा संताप पुढेच. माझा कावळ्याबिवळ्यावर विश्वास नाही, पण आई यायची बंद झाली. रोज भरपेट जेवून मी हट्टानं आडवा व्हायचो आणि स्वप्नात दिसायची ती टोलनाक्यावरची रांग.

दसरा उलटून गेल्यावर एका दुपारी ती पुन्हा आली. त्या दिवशी खोलीला आतून कडी होती, फोन बंद होता. राशी दिसल्या. मी हुरळलो नाही. हात चोळले. तिच्याशेजारी जाऊन बसलो, सुपात बोटं घातली, जवळा बोटांना टोचला. झोप शाबूत होती.

“आय,” मी म्हटलं, “बोल ना काहीतरी.”

तिनं वर बघितलं आणि ती बोलली. ओठ हलले, आवाज आला. आवाज माझा होता. माझाच, घोगरा, तंबाखूनं बसलेला. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा माझ्याच आवाजात बोलली. मला कोणी उठवलं नाही. हवा तितका वेळ बसता आलं असतं. माझा मीच उठलो.

गोधडीला बोल लावला, कावळ्याला लावला. पण माझ्याजवळ होतं तेवढंच स्वप्न देणार, आणि तिचा आवाज माझ्याजवळ उरलाच नव्हता. कॉटवर बसून मला रडू आलं.

स्वयंपाकघरात बायको बोंबील साफ करत होती. तिला सांगितलं. आता पुन्हा पानाचं काढणार, असं वाटलं. तिनं हातातला बोंबील खाली ठेवला.

“तुमच्या कानात कुठून राहील? तुम्ही तेव्हा कायम गाडीवर. घरात आमी दोघीच.”

आणि एकदम मान ताठ करून, ओला हात कमरेवर ठेवून ती ओरडली, “आरं, पाय धू आदी! खारट पाय घेऊन कुठं चाललास घरात?”

आई! तो ‘आरं’ नाकातून लांबवलेला, शेवटाला आवाज फाटलेला. इतकी वर्षं एका चुलीपाशी भांडताना हिनं तो जसाच्या तसा उचलला होता. माहेरी बहिणींना हसवायला सासूची नक्कलही केली असणार, त्याशिवाय इतकं हुबेहूब येत नाही.

“मी महिनोन् महिने मरतोय झोपून झोपून,” मी म्हटलं, “आधी का नाही केलंस हे?”

“विचारलंत कधी? बघावं तेव्हा झोपलेले.”

“परत म्हण.”

तिनं परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. मी मोरीवर गेलो आणि पाय धुतले.