तीनशे पेट्यांचा सर्व्हे

शामकांत पेडणेकरांनी एकतीस वर्षांत एकाही खोट्या रिपोर्टवर सही केली नव्हती आणि हे ते कुणी न विचारता सांगत. सिंगापूरला तुआसच्या बंदरात ते सर्व्हेअर होते. जहाजाच्या कडेला रंगवलेले आकडे वाचायचे, त्याचं पोट पाण्यात किती बुडालंय ते बघायचं आणि आत किती टन माल आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. कॅप्टन गोड बोलो की मालक डोळे वटारो, पाणी सांगेल तेच पेडणेकर लिहिणार. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी पातेल्यात दूध ओतलं तरी ते वाकून काठाला डोळा लावत. पत्नी गिरिजाबाईंनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

शहराच्या बुकित पंजांग भागात अकराव्या मजल्यावर त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गोह अंकल आणि आंटी राहत. अंकल एक्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी सिंगापूर नदीवर होड्यांमधून तांदळाची पोती त्यांनी पाठीवर वाहिली होती, त्यामुळे एक खांदा अजून खाली होता. आंटी तेव्हा नदीकाठच्या गोदामात पोती मोजून कागदावर शिक्का मारायच्या. आता मात्र आंटींचा काळाचा हिशेब चुकू लागला होता. कधी त्या आजच्या असत, बहुतेक वेळा साठ वर्षांपूर्वीच्या.

रोज संध्याकाळी सातला त्या घरात एकच जुनी चिनी मालिका लागे. तलवारी, विष, सूड, सगळं यथासांग. एक राजघराणं बुडालेलं, त्याचा तीनशे पेट्या चांदीचा खजिना डोंगरातल्या गुहेत दडवलेला आणि त्याच्यामागे अर्धा चीन पळतोय. छत्तीस भाग संपले की पुन्हा पहिला. तुआसहून लवकर सुटले की पेडणेकर कॉफी प्यायला तिथे जाऊन बसत. एकोणीस वर्षांत या शहरात त्यांनी जोडलेला मित्र हा एवढाच. ऑफिसातले लोक त्यांना चार हात लांब ठेवत, आणि त्यात लोकांचं फारसं चुकत होतं असं नाही.

एका मंगळवारी सव्विसावा भाग लागला. तो नेमका पेडणेकरांचा आजवर हुकलेला होता. नायिका गुहेतला खजिना होडीत घालून नदीने निघाली होती. मागून शत्रू बांबूच्या शेंड्यांवरून पळत येत होते. एक म्हातारा तर हवेत मांडी घालून बसला होता. हे सगळं पेडणेकरांना चाललं. पण होडी दिसली मात्र, ते ताडकन उठले.

"ही होडी रिकामी आहे!"

अंकल तोंडावर बोट ठेवून खुणा करत होते, पण पेडणेकरांचं बोट टीव्हीवर, पाण्याच्या रेषेवर. "पेटीला साठ किलो धरा. तीनशे पेट्या म्हणजे अठरा टन. काठापर्यंत बुडायला हवी! ही बघा कशी डुलतेय, बदकासारखी."

"रिकामी?" आंटींनी विचारलं.

"शंभर टक्के, आंटी."

आंटींनी हातातली पेजेची वाटी खाली ठेवली आणि त्या रडू लागल्या. अंकलनी टीव्ही बंद केला, पेडणेकरांची कॉफी अर्धी असताना कप उचलला आणि दार उघडून धरलं.

बुधवारी सातला ते दार बंद होतं. गुरुवारीही. शुक्रवारी अंकल लिफ्टमध्ये सापडले.

"तिने तीन दिवस पेज घेतली नाही. थोडं दूध-पाणी, बस."

"टीव्हीतल्या होडीसाठी?"

"तिला वाटतं मी अजून नदीवर जातो," अंकल म्हणाले. "ती होडी आमच्या धक्क्याला लागणार, मग मला पोती उचलावी लागणार नाहीत. रोज झोपताना म्हणते, खजिना आला, उद्या जाऊ नकोस. आता म्हणते, होडी रिकामी, उद्या परत जावं लागणार."

पेडणेकरांना आपली जीभ कापून ठेवावी असं वाटलं.

"आणि शामकांत, बावीस वर्षं मी होड्या भरल्या, लाह," वाक्याला सिंगापुरी शेपूट जोडत अंकल म्हणाले. "रिकामी होडी मला कळत नाही? पहिल्याच वेळी कळली होती. मी बोललो का?" लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबली. "आता तू कागद दे. होडी भरलेली आहे असं लिही. सही, शिक्का सगळं कर. शिक्क्याशिवाय ती देवावरही विश्वास ठेवत नाही."

घरी येऊन पेडणेकरांनी गिरिजाबाईंना सगळं सांगितलं.

"अहो, द्या ना लिहून," गिरिजाबाई म्हणाल्या. "टीव्हीतली होडी आहे ती!"

"होडी टीव्हीतली, सही माझी."

"आणि तिकडे बाई उपाशी."

शनिवार-रविवार पेडणेकरांनी ती मालिका शोधून पहिल्यापासून लावली आणि स्टीलची टेप घेऊन टीव्हीसमोर ठाण मांडलं. होडीची लांबी, नायिकेची उंची, पाण्यावर उरलेली बाजू, सगळं मोजलं. होडी रिकामीच निघाली. मुलगी शिवांगी शेजारी बसून इंग्रजी सबटायटल्स वाचून दाखवत होती. तिने फोनवर चांदीचा भाव काढला.

"बाबा, एवढ्या सगळ्या खजिन्यात आपल्या ब्लॉकचे फक्त दोन फ्लोअर येतात. होल डायनॅस्टी, टू फ्लोअर्स ओन्ली, लाह! यासाठी एवढे लोक मेले?"

पेडणेकरांचं लक्ष नव्हतं. पंचविसाव्या भागाचा शेवट ते सहाव्यांदा बघत होते. गुहेच्या तोंडाशी दगड होता तसाच होता. नायिका आली, गेली, होडी सुटली. पण पेट्या होडीत चढवताना कोण दिसतंय? कुणीही नाही. एकसुद्धा पेटी नाही! माल चढलाच नाही, तर होडी भरलेली असेल कशी? रविवारी दुपारी साडेतीनला पेडणेकर "गिरिजा!" म्हणून असे ओरडले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं.

सोमवारी सातला त्यांनी समोरची बेल वाजवली. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर बंदरातलं हेल्मेट, हातात रिपोर्ट. अंकल बघतच राहिले.

आंटी पलंगावर होत्या. आंटींना बोलण्यापुरतं इंग्रजी येई, पण रिपोर्ट पेडणेकरांनी वाचून दाखवला तसा अंकल आंटींच्या भाषेत करून सांगत गेले. "तीनशे पेट्या होडीवर आढळल्या नाहीत. माल चढवल्याचा पुरावा नाही. सर्व माल मूळ जागी, गुहेत, सुस्थितीत असावा असं सर्व्हेअरचं मत आहे."

आंटींनी कागद घेतला. आकड्यावरून बोट फिरवलं. सही बघितली.

"गुहेला कुलूप?"

"दगड आहे, आंटी. चाळीस माणसांशिवाय हलत नाही."

"गोदामात आहे तर," आंटी म्हणाल्या. "मग कुठे जातोय!" मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "ही किंमत कोरी का?"

त्या प्रश्नाची पेडणेकरांना भीती होतीच. शिवांगीचे दोन मजले लिहावेत का, हा विचार ते दोन दिवस घोळवत होते. त्यांनी आंटींनाच विचारलं.

आंटी आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. अंकल आंटींची चादर सारखी करत म्हणाले, "लिही. उद्या कामावर जायचं नाही."

त्या रकान्यात एकतीस वर्षं आकड्याशिवाय काही पडलं नव्हतं. पेडणेकरांनी पेन काढलं, लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. खोटं त्यात काहीच नव्हतं. अंकलना खरंच उद्या जायचं नव्हतं.

आंटींनी पेज मागितली. चार चमचे झाल्यावर त्यांनी पेडणेकरांच्या हेल्मेटकडे पाहिलं.

"तुला उद्या जायचंय?"

"हो, आंटी. तुआसला. पहाटेच."

आंटींनी जरा विचार केला. "एक पेटी तुझी," त्या म्हणाल्या.

पेडणेकर हसून नको म्हणणार होते. पण पेटीची किंमत समोरच लिहिलेली होती आणि खाली सही त्यांचीच होती. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि तिथूनच ऑफिसला फोन करून दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.