पालथा फोन

सभेत, चहाच्या टपरीवर, विहाराच्या ओट्यावर — मी कुठेही बोलतो. एवढं एकच कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — जमेल का, माहीत नाही.

पत्रकं वाचत मी मोठा झालो, मग लिहू लागलो. तेलंगणातल्या बेल्याजवळच्या आमच्या वस्तीत माझं एक पत्रक घरोघरी गेलं. आईबाप कापूस वेचायला गेले की घरात मुलं एकटी, आणि शाळेचा गृहपाठ येतो फोनवर. मग करायचं काय? मी लिहिलं — पहारा नको, विश्वास ठेवा. अभ्यास झाला की मुलांनी आपणच फोन पालथा ठेवावा. मोठ्यांनी आधी स्वतः पाळावं. मी तर साधा, बटनांचा फोन वापरायचो. चारचौघांत दाखवायचोही.

सुरुवात आमच्याच घरी झाली. धाकटी बहीण संघमित्रा तेव्हा दहावीत. गृहपाठ संपला की ती घरातला एकुलता स्मार्टफोन ज्वारीच्या डब्यावर पालथा ठेवून अंगणात जायची. खरंच ठेवायची. मला कसं माहीत? तो उचलायचो मीच.

एखादाच व्हिडिओ, म्हणायचो. तेलुगू सिनेमातल्या मारामाऱ्या — ज्यांच्यावर पत्रकांतून तुटून पडायचो, त्याच. दुपार सरून जायची. थांबता येत नव्हतं, असं म्हणू? नको. थांबलो नाही.

एका संध्याकाळी बाबांनी कापसाचा भाव पाहायला फोन उघडला. समोर त्याच मारामाऱ्यांची रांग.

"काऊन वं मित्रा, हाच अभ्यास करून राह्यली का?"

"म्या नाई पाह्यलं, बाबा."

"मंग भुतानं पाह्यलं? दादाजोळ तं डबडा फोन हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं? की मी तिच्या बाजूनं बोलेन, एवढीच आशा होती? मी बोललो — "आम्ही तुझ्यावर विश्वास टाकला होता, मित्रा."

पत्रकातलीच भाषा. माझीच.

दुसऱ्या दिवसापासून फोन बाबांच्या खिशातून शेतात जाऊ लागला. गृहपाठ दिवे लागल्यावर, तोही बाबांच्या नजरेखाली. वस्तीत बातमी पसरलीच. 'दादाची बहीणच असं करते, तं आपल्या पोरायचं काय?' — एकेका घरचा फोन शेतात गेला. मी बघत राहिलो. एक वाक्य पुरलं असतं. मी, जो दुसऱ्यांसाठी पानं भरतो — ते एक वाक्य माझ्याकडे नव्हतं?

होतं.

आता ती आदिलाबादला इंटरला — अकरावी-बारावीला — आहे. स्वतःचा फोन आहे. सुट्टीत घरी आली की कुणी न मागता तो उघडून माझ्यापुढे धरते. "घे दादा, पाहून घे," म्हणते आणि पाणी भरायला जाते. आवाजात राग नसतो.

मी फोन हातात घेतो. काहीच पाहत नाही. मग ज्वारीच्या डब्यावर ठेवतो — पालथा.